गिरणीचा घोडा, मोटारीचा पिकअप

मोटारीच्या माहितीपत्रकात इंजिनासंबंधी दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात: एक अश्वशक्तीचा, म्हणजे 'पीएस' किंवा 'बीएचपी'चा, आणि दुसरा टॉर्कचा, म्हणजे न्यूटन-मीटरचा. रोजच्या बोलण्यात ज्याला गाडीचा पिकअप म्हणतात आणि शास्त्राच्या पुस्तकात ज्याला त्वरण म्हणतात, तो या दोहोंपैकी कोणत्या आकड्यावर ठरतो, हा वाद गॅरेजपासून नियतकालिकांपर्यंत सर्वत्र चालतो, आणि तो इतका चिवट असण्याचे कारण यंत्रशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक आहे. हे दोन आकडे एका वेळी किंवा एका हेतूने जन्मलेले नाहीत. अश्वशक्तीचा आकडा १७८०च्या दशकात इंग्लंडमधील एका कारखान्याच्या हिशेबाच्या गरजेतून निघाला. 'टॉर्क' हा शब्द मात्र त्यानंतर शंभर वर्षांनी, १८८४ साली, लॉर्ड केल्व्हिन यांचे थोरले बंधू, अभियंते जेम्स थॉमसन यांनी सुचवला. पहिला आकडा यंत्र विकणाऱ्याचा, त्याचे भाडे घेणाऱ्याचा आणि पुढे त्यावर कर बसवणाऱ्याचा होता; दुसरा यंत्र जुळवणाऱ्याचा.

वाफेच्या यंत्राची तुलना घोड्यांशी करण्याची कल्पना जेम्स वॉट यांच्या आधीची आहे. खाणीतले पाणी उपसणाऱ्या यंत्राची जाहिरात करताना टॉमस सेव्हरी यांनी १७०२ साली असे मांडले होते की, एका वेळी दोन घोडे जेवढे पाणी काढतात तेवढे काढणारे यंत्र प्रत्यक्षात दहा-बारा घोड्यांची जागा घेते, कारण दोन घोडे अखंड कामावर ठेवायचे तर पाळीपाळीने जुंपण्यासाठी तेवढी जनावरे तबेल्यात पोसावी लागतात. हा युक्तिवाद व्यापारी होता, आणि खराही होता. परंतु त्यात एका घोड्याचे काम नेमके किती, याचा आकडा नव्हता. तो काढण्याची निकड निर्माण झाली ती वॉट आणि त्यांचे बर्मिंगहॅमचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांच्या वसुलीच्या पद्धतीमुळे.

बोल्टन आणि वॉट यांची भागीदारी १७७५ साली सुरू झाली. कॉर्नवॉलच्या खाणींत कोळसा बाहेरून आणावा लागे व तो महाग पडे, म्हणून तेथील पंपांसाठी त्यांनी असा करार ठेवला की, जुन्या न्यूकोमेन पद्धतीच्या यंत्राच्या तुलनेत कोळशाची जी बचत होईल, तिचा तिसरा हिस्सा खाणवाल्याने स्वामित्वशुल्क म्हणून द्यावा. पंपाच्या बाबतीत हा हिशेब जमत असे, कारण तुलनेला जुने यंत्र हाताशी होते. पण १७८१नंतर वॉट यांनी दट्ट्याच्या खालीवर होण्याचे रूपांतर चाकाच्या फिरण्यात केले आणि यंत्र पिठाच्या, दारूभट्टीच्या, कापडाच्या गिरण्यांत जाऊ लागले, तेव्हा हा हिशेब कोलमडला. या गिराइकांकडे जुने वाफेचे यंत्र नव्हतेच. त्यांच्याकडे घोडे होते. कोळशाची बचत ज्याच्याशी ताडायची ते नसल्यामुळे शुल्क घोड्यांच्या संख्येवर बसवणे भाग पडले, आणि त्याचा दर अखेर दर अश्वशक्तीमागे वर्षाला ५ पौंड, लंडनमध्ये ६ पौंड असा ठरला.

एक घोडा म्हणजे किती, याचे उत्तर वॉट यांनी १७८२ साली गिरणीच्या घोड्यावरून काढले. गिरणीचा घोडा आणि आपल्याकडील तेलाच्या घाण्याचा बैल यांत तत्त्वतः काही फरक नाही: मधोमध उभा खांब, त्याला आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला जनावर, आणि त्याची दिवसभराची गोल वाट. या घोड्याची वाट २४ फूट व्यासाची, म्हणजे दांड्याची लांबी १२ फूट. घोडा तासाला १४४ फेरे घाली, म्हणजे मिनिटाला २.४, आणि त्याची ओढ वॉट यांनी १८० पौंड धरली. एका फेऱ्यात सुमारे ७५.४ फूट अंतर पडते, तेव्हा मिनिटाला जवळजवळ १८१ फूट अंतर १८० पौंडांच्या ओढीने कापले जाते आणि गुणाकार ३२,५७२ फूट-पौंड येतो. पुढच्याच वर्षी वॉट यांनी तो ३३,००० असा पुरा केला. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती, ही व्याख्या तेव्हापासून रूढ आहे. आधीचे अभियंते स्मीटन यांनी घोड्याच्या कामाचा जो अंदाज बांधला होता, तो याहून बराच कमी होता. थोड्या सेकंदांपुरता जोर लावला तर धडधाकट घोडा या मापाच्या कितीतरी पट ताकद दाखवू शकतो, पण दिवसभराच्या राबणुकीला वॉट यांचे माप जनावराला जडच जाते. वॉट यांनी आकडा सढळ धरला तो औदार्याने की धोरणाने, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. 'दहा घोड्यांचे' म्हणून घेतलेले यंत्र दहा घोड्यांहून कमी काम करते, अशी तक्रार गिराइकाला करता येणार नाही, एवढे मात्र त्यातून साधले.

या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे. १२ फुटांच्या दांड्याच्या टोकाला १८० पौंडांची ओढ लागली, म्हणजे मधल्या खांबावर १२ गुणिले १८०, अर्थात २,१६० पौंड-फूट इतका पीळ बसला. टॉर्क म्हणतात तो हाच: फिरवणारे बल आणि ते आसापासून किती अंतरावर लागते ते अंतर, यांचा गुणाकार. पाठ्यपुस्तकात त्याला बलाचे आघूर्ण म्हणतात, पण घट्ट बसलेला नट सोडवताना पान्याला पाइप जोडून दांडा लांब करणाऱ्या मेस्त्रीला तो शब्द माहीत नसला तरी अर्थ पुरता माहीत असतो. आजच्या मापात गिरणीच्या त्या एका घोड्याचा टॉर्क सुमारे २,९०० न्यूटन-मीटर भरतो, आणि एवढा आकडा जगातल्या बहुतेक शर्यतीच्या मोटारींच्या इंजिनांनाही गाठता येत नाही. तरीही घोडा एकच अश्वशक्तीचा, कारण तो मिनिटाला अडीच फेरेही पुरे करत नाही आणि त्याची चाल तासाला जेमतेम सव्वातीन किलोमीटर पडते. टॉर्क म्हणजे किती जोराने पिळले. अश्वशक्ती म्हणजे तो पीळ किती वेगाने चालू ठेवला. दुसऱ्या आकड्यात पहिला आकडा आहेच, शिवाय घड्याळ आहे.

याच हिशेबातून ते सूत्र निघते, जे आजही इंजिनाच्या चाचणीच्या यंत्रात बसलेले असते: पौंड-फुटांतला टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ५,२५२, म्हणजे अश्वशक्ती. ५,२५२ हा आकडा गूढ वाटतो खरा, पण ३३,०००ला एका फेऱ्यातल्या कोनाने, म्हणजे दोन पायने, भागले की तो येतो. त्यामुळेच तेवढे फेरे घेणाऱ्या कोणत्याही इंजिनाच्या या दोन मापांत काढलेल्या आलेखात टॉर्क आणि अश्वशक्तीच्या रेषा ५,२५२ फेऱ्यांना एकमेकींना छेदतात, आणि पुष्कळ वाचक त्या छेदनबिंदूला इंजिनाचे काही खास वैशिष्ट्य समजतात. ते वैशिष्ट्य इंजिनाचे नाही. १७८३ साली पुऱ्या केलेल्या आकड्याचे आहे.

इंग्लंडातील डर्स्ली येथील लिस्टर कारखान्याने १९२९च्या सुमारास एक सावकाश चालणारे डिझेल इंजिन बाजारात आणले: एकच सिलिंडर, दोन बाजूंना दोन जडशीळ फ्लायव्हील, मिनिटाला ६०० फेरे आणि ५ अश्वशक्ती. त्या घाटाची इंजिने पुढे भारतातही बनू लागली, आणि मोट सुटून विहिरीवर ऑइल इंजिन आले त्या काळात हँडल मारून सुरू होणाऱ्या असल्या इंजिनांचा ठोका पुष्कळ शिवारांनी ऐकला. वरील सूत्र उलटे लावले तर त्याचा टॉर्क सुमारे ५९ न्यूटन-मीटर निघतो. मारुती ८००च्या इंजिनाचा छापील टॉर्कही ५९ न्यूटन-मीटरच होता, परंतु तिची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती होती, कारण ते इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांपर्यंत पीळ टिकवून धरी. तासाला ४० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीला, घर्षणातली तूट सोडून आणि गिअर अगदी अनुरूप आहे असे धरून, ३७ अश्वशक्तीचे इंजिन सुमारे २५० किलोचा रेटा देऊ शकते. ५ अश्वशक्तीचे इंजिन, टॉर्क तंतोतंत तेवढाच असूनही, ३४ किलोच्या पुढे जाऊ शकत नाही. पाणी उपसायला तो रेटा पुरतो. ओव्हरटेक करायला पुरत नाही.

अश्वशक्ती मोजायची कशी, हा प्रश्न व्याख्येनंतरही बराच काळ अवघड राहिला. वाफेच्या यंत्रांच्या व्यापारात प्रथम 'नामधारी' अश्वशक्ती चाले, जी सिलिंडरच्या मापावरून आणि वाफेचा दाब ठरावीक धरून कागदावरच काढली जाई. दाब वाढत गेले तसा हा आकडा खऱ्या शक्तीच्या मागे पडत गेला. सिलिंडरमधला दाब कागदावर रेखाटणारे 'इंडिकेटर' हे उपकरण वॉट यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी १७९६च्या सुमारास सिद्ध केले, आणि ते बरीच वर्षे कारखान्याचे गुपित म्हणून जपले गेले. मोटारींच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती फ्रान्समधील गास्पार द प्रोनी यांची १८२१ सालची साधी युक्ती: फिरत्या दंडाला लाकडी ठोकळ्यांनी आवळायचे, ठोकळ्यांना लांब दांडा जोडायचा, आणि दांडा घर्षणामुळे फिरू पाहतो त्याला अडवण्यासाठी टोकाला किती वजन टांगावे लागते ते पाहायचे. वजन गुणिले दांड्याची लांबी म्हणजे टॉर्क. त्याला फेऱ्यांनी गुणले की शक्ती. हा ब्रेकच होता, म्हणून त्यावर मोजलेली शक्ती 'ब्रेक हॉर्सपॉवर', म्हणजे आजचे बीएचपी. बीएचपीतल्या 'बी'चा गाडी थांबवणाऱ्या ब्रेकशी संबंध नाही, हे सांगण्याची वेळ अजूनही येते. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, प्रयोगशाळेत अश्वशक्ती थेट मोजली जात नाही. मोजला जातो तो टॉर्क आणि मोजले जातात ते फेरे, आणि अश्वशक्ती गुणाकाराने येते. विक्रीच्या कागदावर मात्र क्रम उलटतो.

त्वरणाशी या दोहोंचा संबंध कसा लागतो, हे १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीइतके स्वच्छ दुसरीकडे दिसणे कठीण, कारण तिला पुढे जाण्याचे गिअर दोनच होते. तिचे २.९ लिटरचे इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांना ८३ पौंड-फूट हा सर्वाधिक टॉर्क देई, आणि १,६०० फेऱ्यांना २० ही सर्वाधिक अश्वशक्ती. सूत्राने पाहिले तर ९०० फेऱ्यांना तिची शक्ती १४च्या थोडी वर होती, आणि १,६०० फेऱ्यांना टॉर्क ६६ पौंड-फुटांपर्यंत उतरलेला असे. म्हणजे पीळ वीस टक्क्यांनी ढिला झाला, तरी फेरे त्याहून अधिक वाढल्यामुळे शक्ती चढली. आता चालक डावे पेडल दाबून धरतो, तेव्हा गाडी खालच्या गिअरमध्ये असते. पेडल सोडले की वरच्या. खालचा गिअर इंजिनाचा पीळ २.७५ पट वाढवी आणि मागच्या आसावरचे दंतचक्र तो आणखी ३.६४ पट वाढवी. १५ इंच त्रिज्येच्या चाकातून तो रस्त्यावर उतरे.

तासाला २३ किलोमीटर हा वेग घेतला तर, खालच्या गिअरमध्ये इंजिन १,६०० फेऱ्यांवर ताणलेले असते, आवाज चढलेला असतो, टॉर्क उतरलेला असतो, आणि तरीही चाकांपाशी सुमारे ५२६ पौंडांचा रेटा मिळतो. त्याच वेगाला पेडल सोडून वरचा गिअर घेतला तर इंजिन ६००हूनही कमी फेऱ्यांवर येते, आणि टॉर्क अगदी कमाल ८३ पौंड-फूट मिळाला असे मानले तरी रेटा २४२ पौंडांपलीकडे जात नाही. इंजिनाचा टॉर्क जास्त असलेला गिअर निम्म्याहूनही कमी रेटा देतो. गाडीचे त्वरण ठरते ते चाकाच्या रेट्याला गाडीच्या वस्तुमानाने भागून. हा रेटा चाकावरच्या टॉर्कमधून येतो, इंजिनावरच्या नव्हे. आणि ठरावीक वेगाला चाकावर किती टॉर्क पोचवता येईल, याची मर्यादा त्या क्षणी इंजिन देत असलेली अश्वशक्ती ठरवते. मग माहितीपत्रकातल्या टॉर्कच्या आकड्याला अर्थ काय उरतो? उरतो तो असा की, कमी फेऱ्यांना भरपूर टॉर्क देणाऱ्या इंजिनाकडे त्या कमी फेऱ्यांनाच शक्ती अधिक असते, त्यामुळे चढावर किंवा गर्दीत दर वेळी गिअर उतरवावा लागत नाही. पिकअप चांगला, असे सर्वसामान्य चालक म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा ही न ताणता मिळणारी ओढ असते. शर्यतवाल्याच्या मनात ताणल्यावर मिळणारी असते. दोघेही खरे बोलतात, फक्त वेगवेगळ्या फेऱ्यांवरून.

याच मॉडेल टीला ब्रिटनमध्ये अश्वशक्तीच्या दुसऱ्या एका रूपाने अडवले. तेथील रॉयल ऑटोमोबाइल क्लबने १९१०च्या सुमारास एक सूत्र रूढ केले: सिलिंडरच्या व्यासाचा इंचांत वर्ग, गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले अडीच. १९२१पासून सरकारने या कागदी अश्वशक्तीवर दर घोड्यामागे वर्षाला एक पौंड कर बसवला. पावणेचार इंच व्यासाच्या चार सिलिंडरची मॉडेल टी प्रत्यक्षात २० अश्वशक्तीची, पण सूत्राने २२.५ची ठरली, तर ५६ मिलिमीटर व्यासाची चिमुकली ऑस्टिन सेव्हन ७.८ची. दट्ट्याचा प्रवास किती लांब, हे सूत्र विचारतच नव्हते. तेव्हा इंग्लिश कारखानदारांनी सिलिंडर अरुंद आणि प्रवास लांब असलेली इंजिने बनवण्याचा सपाटा लावला. लांब प्रवासाच्या इंजिनात दट्ट्याचा वेग लवकर हाताबाहेर जातो, त्यामुळे ती फार फेरे घेत नाहीत. कमी फेऱ्यांना मात्र गुण्यागोविंदाने ओढतात. एका देशाच्या मोटारींचा स्वभाव तीस-एक वर्षे अशा प्रकारे कराच्या सूत्राने घडवला, हा यंत्राच्या इतिहासातला मोठा गमतीचा भाग आहे. ब्रिटनने हा कर १९४७नंतर सोडून दिला, पण नावे मागे राहिली. भारतात जुळवलेल्या 'हिंदुस्थान टेन' या गाडीच्या नावातले 'टेन' हे ज्या मॉरिस टेनवरून आले, तिच्या करपात्र घोड्यांचेच होते. आणि फ्रान्समध्ये कराच्याच हिशेबावरून 'दोन घोडे' असे नाव पडलेल्या सित्रोएन गाडीचे १९४८ सालचे इंजिन प्रत्यक्षात ९ अश्वशक्तीचे होते.

जेथे कर नव्हता तेथे आकडा उलट दिशेने फुगला. अमेरिकी कारखाने १९७१पर्यंत 'ग्रॉस' अश्वशक्ती छापत, म्हणजे इंजिन बाकावर चढवून, पंखा, हवेची गाळणी, सायलेन्सर अशी शक्ती खाणारी जोडकामे उतरवून मोजलेली. १९७२पासून गाडीत बसते तशा इंजिनाची 'नेट' शक्ती छापली जाऊ लागली. शेव्हरोले कॉर्व्हेटचे एलटी-१ इंजिन यामुळे ३३०वरून २५५वर आले. गाडीचा पिकअप त्यामुळे काही निम्मा-पाऊण झाला नाही. घोडे फक्त कागदावरचे मेले.

विजेच्या मोटरीने हा सगळा संबंध वेगळ्या बाजूने उघड केला. गाडी उभी असताना फेरे शून्य असतात, आणि शून्याने कशालाही गुणले तरी शून्यच, म्हणून हलण्याच्या पहिल्या क्षणी कोणत्याही गाडीची चाकांपाशी पोचणारी अश्वशक्ती शून्य असते. त्या क्षणी जो काही रेटा आहे तो निव्वळ टॉर्कचा. पेट्रोल-डिझेलचे इंजिन शून्य फेऱ्यांना चालूच शकत नाही, म्हणून क्लच लागतो. विजेची मोटर नेमक्या त्याच जागी पूर्ण पीळ देते. तासाला १०० किलोमीटरचा टप्पा रस्त्यावर पहिल्यांदा ओलांडला तो कामिय जेनाझी यांच्या विजेवरच्या मोटारीने, १८९९ साली. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी सुटली, त्यामागेही हे कारण होतेच: ज्या मार्गावर दर दोन-तीन मिनिटांनी थांबायचे आणि पुन्हा निघायचे, तेथे अंतिम वेगापेक्षा निघतानाचा जोर अधिक मोलाचा. त्यानंतर थोड्याच वर्षांत बोर घाटाच्या ३७ फुटांत एक फूट चढणाऱ्या वाटेसाठी मालगाडीची जी सांधेदार विद्युत इंजिने आली, त्यांना रेल्वे कामगारांनी 'खेकडा' असे नाव दिले. ती पळणारी नव्हती, पण धरलेले सोडणारीही नव्हती.

मोजमापाची पद्धत किलोवॅटकडे वळून बरीच वर्षे झाली, तरी आकड्याचा जुना उपयोग महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. मीटर नसलेल्या शेतीपंपाचे वीजबिल पंपाच्या अश्वशक्तीवर, दर एचपीमागे आकारले जाते, आणि २०२४ साली जाहीर झालेल्या मोफत विजेच्या योजनेची मर्यादाही ७.५ एचपी अशीच सांगितली गेली. बर्मिंगहॅमची भागीदारी गिरणीवाल्याकडून ज्या एककावर वर्षाचे पौंड घेत होती, ते एकक येथे शेतकऱ्याच्या बिलावर आहे. पंपाच्या मोटरीवरच्या धातूच्या पट्टीवर ३.७ किलोवॅट, ५ एचपी आणि मिनिटाचे २,८८० फेरे असे कोरलेले असते. टॉर्क कोरलेला नसतो. तो काढला तर सुमारे १२ न्यूटन-मीटर येतो, गिरणीच्या त्या एका घोड्याच्या अडीचशेव्या हिश्शाच्या आसपास.